यशाबद्दल हळू बोलणारी माणसं

आयर्लंडला शिकायला-नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरून या सदराकडे पत्रं येतात, मुलांचीही येतात. या खेपेला तीन पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून एकत्र घेतली आहेत. मी मूळची नाशिकची. पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत, एका लहान गावात फार्मासिस्ट आहे. औषधांच्या दुकानात माणसं तब्येतीचं सांगायला येतात आणि बाकी सगळंही बोलून जातात. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं तिथलंच.

प्रश्न : माझा मुलगा डब्लिनला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. यंदा त्याला बढती मिळाली, नवी गाडीही घेतली. आपल्याकडे पेढे नेतो तसा त्याने ऑफिसात केक नेला, सगळ्यांना बढतीचं सांगितलं. लोक ‘फेअर प्ले टू यू’ म्हणाले आणि लगेच पावसाच्या गप्पा सुरू केल्या. शेजारचे गृहस्थ गाडीकडे बघून म्हणाले, ‘वेल फॉर सम’, म्हणजे काही लोकांचं बरं आहे! मुलगा फार हिरमुसला आहे. तिथली माणसं इतकी जळकी आहेत का? त्याने परत यावं असं वाटू लागलंय. — एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, परत येण्याचा विषय आधी मनातून काढून टाका. ‘फेअर प्ले टू यू’ हे इथलं खरंखुरं कौतुक आहे. आमच्या दुकानात एका आजोबांनी नातीला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा रांगेतल्या चौघांनी एवढंच म्हटलं आणि आजोबांचे डोळे भरून आले. कौतुक एकदाच करायचं, मनापासून करायचं आणि विषय सोडायचा, ही इथली रीत आहे. ज्याचं कौतुक झालं त्याला फार वेळ सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवणं त्यालाही अवघड वाटतं आणि बघणाऱ्यांनाही. पावसाचा विषय काढतात तो त्याची सुटका व्हावी म्हणून.

शेजाऱ्यांचं बोलणं मात्र वेगळं. त्यात बोच आहे, आणि ती तुमच्या मुलाला बरोबर कळली. इथे कोणी जळत नाही असं मी सांगणार नाही. ‘बेग्रजरी’ म्हणतात तिला, आणि रेडिओवर, वर्तमानपत्रांत इथली माणसं स्वतःच त्यावर तावातावाने बोलतात. अठराव्या शतकात सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज लेखकाने म्हटलं होतं की आयरिश लोक मोठे न्यायी, ते एकमेकांबद्दल कधीच चांगलं बोलत नाहीत. बोल इंग्रजाचे, पण मी ते ऐकले ते आयरिश माणसांच्याच तोंडून.

पण नुसतं ‘जळकी माणसं’ म्हणून हा विषय संपत नाही. मेयोत राहून मला जे कळत गेलं ते सांगते.

एकोणिसाव्या शतकात इथली बहुतेक जमीन जमीनदारांची होती आणि कुळं वर्षाच्या बोलीवर ती कसत. कुळाने दलदलीतून चर खणून पाणी काढलं, दगड वेचून शेत साफ केलं, गोठा बांधला, तर ती सुधारणा जमीनदाराच्या मालकीची व्हायची, आणि पुढच्या वर्षी त्याच सुधारलेल्या जमिनीचा खंड वाढू शकायचा. उत्तरेतल्या अल्स्टर प्रांतात रिवाजाने चालत आलेलं सोडलं, तर अशा सुधारणेची भरपाई मागण्याचा हक्क कुळाला कायद्याने मिळाला तो १८७० मध्ये. म्हणजे तोवर घराला चुना लावावा की नाही याचाही विचार करावा लागे. चांगलं दिसणं महागात पडायचं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी बरं चाललेलं झाकून ठेवलं, त्यांची पणतवंडं आज पगाराचा आकडा विचारला की तोंड फिरवतात, याचं मला नवल वाटत नाही.

आमच्या भागात स्ट्रेड नावाचं गाव आहे. मायकेल डॅव्हिट तिथे १८४६ मध्ये जन्मला, बटाट्याच्या दुष्काळाच्या ऐन मध्यात. तो चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून त्याच्या घरच्यांना बाहेर काढलं. कुटुंब इंग्लंडात गेलं आणि अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. याच डॅव्हिटने १८७९ मध्ये, आमच्या जिल्ह्याचं मुख्य गाव असलेल्या कॅसलबारमधून, कुळांची चळवळ उभी केली आणि त्यातून पुढे जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये ३ लाख ८९ हजारांच्या आसपास होती. दहा वर्षांनी ती २ लाख ७४ हजारांवर आली. आज १ लाख ३८ हजार आहे. शेतांमधून जाताना अजून छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसतात. त्या घरांतली माणसं आळशी होती म्हणून गेली नाहीत, आणि मागे राहिली ती जास्त कर्तबगार होती म्हणून राहिली नाहीत. हे इथे प्रत्येकाला घरातून माहीत असतं. म्हणून ‘मी माझ्या हिमतीवर वर आलो’ हे वाक्य इथे कानाला खटकतं. यशात नशिबाचा वाटा किती मोठा असतो ते या लोकांनी पाहिलं आहे.

सगळंच जमीनदारांवर ढकलणंही मला पटत नाही. जिथे असे जमीनदार नव्हते अशा देशांतही यशाचा गाजावाजा आवडत नाही. इथे गावं लहान आहेत, तुमचा आजा कोण होता ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि खेळाची पद्धतही त्याला जुळणारी आहे. गेलिक फुटबॉल या इथल्या स्वतःच्या खेळाचा अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर होतो, ८२ हजार माणसं बसतात तिथे, पण खेळणाऱ्याला मानधन नाही. रविवारी सगळ्या देशाने पाहिलेला मुलगा सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा गाईंचं दूध काढतो. असाच एकजण आमच्याकडे आईच्या गोळ्या न्यायला येतो. रांगेत उभा राहतो. कोणी त्याला पुढे जा म्हणत नाही, त्यालाही तसं वाटत नाही. त्याच्याविषयी लोकांना किती माया आहे ते तो गेल्यावर कळतं, कारण मग तोच विषय चालतो.

तेव्हा मुलाला सांगा, केक नेला ते छानच केलं. पुढच्या वेळी नुसता ऑफिसच्या किचनमध्ये ठेवून द्यावा, कशाबद्दल आहे ते आपोआप सगळ्यांपर्यंत पोचतं. शेजाऱ्यांना हसून ‘अजून बँकेचीच आहे’ म्हणावं. हे खोटं नाही, आणि इथे असं उत्तर मिळालं की समोरचा लगेच मोकळा होतो, स्वतःच्या कर्जाचं सांगू लागतो. मात्र पगारवाढ मागताना किंवा मुलाखतीत त्याने स्वतःला लहान करून सांगू नये. तिथे इथली मुलंही तसं करत नाहीत. आणि शक्य असेल तर जवळच्या खेळाच्या क्लबात जावं, मुलांच्या सामन्याला रेषेवर झेंडा घेऊन उभं राहावं, चहा करू लागावं. हिवाळाभर जो माणूस तिथे दिसला, त्याच्या गाडीवर कोणी बोलत नाही.

प्रश्न : मावशी, मी लिमरिकला एमएस करतोय. जग म्हणतं आयरिश माणूस नशीबवान, पण माझी घरमालकीण प्रत्येक गोष्टीत वाईटच धरून चालते. मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री तिने बाळ येशूची मूर्ती बागेत झुडपाखाली नेऊन ठेवली, पाऊस पडू नये म्हणून. ठेवून आत आली आणि म्हणाली, ‘पडणारच आहे.’ ही माणसं निराशावादी आहेत की श्रद्धाळू? — विद्यार्थी, मूळ गाव सांगली

उत्तर : अरे, ती मूर्ती ‘चाइल्ड ऑफ प्राग’. लग्नाच्या आदल्या रात्री ती बाहेर ठेवायची पद्धत देशभर आहे. आपोआप मुंडकं तुटलेली मूर्ती अधिक गुणाची, असंही मानतात. तुझी घरमालकीण दोन्ही करते आहे, मागतेही आहे आणि मिळेल असं धरूनही चालत नाही. यात तिला विसंगती वाटत नाही, मलाही आता वाटत नाही. ‘छानच होणार’ असं तोंडाने म्हटलं की होणारं फिसकटतं, ही धास्ती तुझ्या आजीलाही असेल.

इथे ती फार जुनी आहे. १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत लिहायला लावल्या. मुलांनी त्या नितळ अक्षरांत लिहिल्या आहेत, त्या आता कोणालाही वाचायला मिळतात आणि मी हिवाळ्याच्या रात्री वाचत बसते. त्यांत नशीब चोरीला जाण्याच्या कितीतरी हकिकती आहेत. कोणी शेजाऱ्याच्या गवतात अंडी लपवून ठेवली की त्याची बरकत आपल्याकडे येते. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी लोण्याला जपायचं, नाहीतर वर्षभराचं लोणी दुसऱ्याच्या घरी जातं. वासराचं किंवा बाळाचं कौतुक केलं आणि पाठोपाठ ‘गॉड ब्लेस’ म्हटलं नाही, तर दृष्ट लागते. हे शेवटचं अजून आहे. दुकानात बाळाला बघून म्हाताऱ्या बाया ‘किती गोड’ म्हणतात आणि श्वास न घेता ‘गॉड ब्लेस हिम’ जोडतात.

पण चांगल्या दैवाशी ही माणसं कशी वागतात ते तुला नीट बघायचं असेल तर एखाद्या शनिवारी गुरांच्या बाजाराला जा. मला आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने नेलं होतं. मधे लोखंडी कठड्याचं रिंगण, भोवती पायऱ्यांवर टोप्या घातलेले पुरुष, वर काचेमागे बोली पुकारणारा माणूस, आणि ओल्या कोटांचा, शेणाचा, डिझेलचा वास. बोली लावणारे दिसतच नाहीत. कोणाची भुवई हलते, कोणाचं बोट. आमच्या शेजाऱ्याचे बैल अपेक्षेपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने गेले. त्याच्या चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. तो खाली उतरला, बैल घेणाऱ्याला शोधून काढलं, खिशातून वीस युरोची नोट घडी करून त्याच्या तळहातात दाबली. दोघं हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि आपापल्या वाटेने गेले. याला ‘लक पेनी’ म्हणतात. विकणाऱ्याने मिळालेल्या पैशातलं थोडं घेणाऱ्याला परत द्यायचं, म्हणजे जनावर त्याच्याकडे सुखात वाढेल आणि विकणाऱ्याच्या पैशालाही बरकत राहील. जुन्या बाजारांत तळहातावर थुंकून हातावर हात मारत, आता तेवढं नाही. पण नोट अजून दिली जाते, आणि नाही दिली तर मागितली जाते. मला ते फार आवडलं. भाव चांगला मिळाला याची त्याने कोणाजवळ बढाई मारली नाही, फक्त त्यातला एक वाटा लगेच परत केला.

आता निराशेचं. आमच्या मेयोच्या संघाने गेलिक फुटबॉलची अखिल आयर्लंड स्पर्धा शेवटची जिंकली १९५१ मध्ये. आख्यायिका अशी की जिंकून परतताना मिरवणूक फॉक्सफर्ड गावातून गेली, तिथे एक अंत्ययात्रा चालली होती, खेळाडू थांबले नाहीत, आणि संतापलेल्या पाद्रीने शाप दिला की यांच्यातला एकजण जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही. फॉक्सफर्डची माणसं स्वतः याला भाकडकथा म्हणतात, मलाही ती खरी वाटत नाही. पण १९८९ ते २०२१ या काळात मेयो अकरा वेळा अंतिम फेरीत हरला. २०१३, २०१६, २०१७, तिन्ही वेळा डब्लिनकडून आणि तिन्ही वेळा एका गुणाने. २०१६ मध्ये तर पहिल्या, बरोबरीत सुटलेल्या सामन्यात मेयोच्याच खेळाडूंकडून स्वतःच्या जाळ्यात दोन गोल गेले. १९५१ च्या संघातले शेवटचे खेळाडू सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. त्यानंतरही करंडक आलेला नाही.

दर उन्हाळ्यात दुकानात येणारा प्रत्येकजण म्हणतो, ‘यंदा काही खरं नाही.’ आणि दर उन्हाळ्यात हीच माणसं हिरवे-लाल झेंडे घरांवर, कुंपणांवर, ट्रॅक्टरवर बांधतात, रांगा लावून तिकिटं काढतात, पाच-पाच तास गाडी चालवून जातात-येतात. ज्याला खरोखर आशा नाही तो ट्रॅक्टरला झेंडा बांधेल का? मी याला निराशावाद म्हणत नाही. आशा आहे, जिवापाड आहे, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

लिमरिकहून एनिसला जाताना लटून नावाच्या जागी महामार्गाच्या कडेला एक काटेरी झुडूप आहे, तेही बघून ये. १९९९ मध्ये नवा रस्ता त्यावरून जाणार होता. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला की हे पऱ्यांचं झाड आहे, तोडाल तर रस्त्यावर माणसं मरतील. शेवटी ते राखून रस्ता केला. तिथल्या इंजिनिअरांचा पऱ्यांवर विश्वास होता असं मी समजत नाही. पण उगाच कशाला, असं त्यांना वाटलं असणार, आणि इथलं निम्मं शहाणपण त्या ‘उगाच कशाला’मध्ये आहे. शॉन क्विन हा २००८ मध्ये देशातला सर्वांत श्रीमंत माणूस होता. २०१२ पर्यंत त्याचं दिवाळं निघालं होतं. कारण सरळ आहे, एका बँकेच्या शेअरवर त्याने अफाट पैसा लावला आणि ती बँक बुडाली. पण तिकडची, कॅव्हन काउंटीतली माणसं म्हणत राहिली की १९९२ मध्ये खाणीसाठी त्याने हजारो वर्षांपूर्वीचं दगडी थडगं हलवून हॉटेलच्या आवारात नेलं, ते भोवलं.

या सावधपणाची चेष्टा करणाऱ्यांना इतिहासाने उत्तर दिलं आहे. जुलै २००७ मध्ये, घरांच्या किमती आभाळाला भिडल्या असताना, पंतप्रधान बर्टी अहर्न म्हणाले की नुसतं रडगाणं गाणारी ही माणसं आत्महत्या कशी करत नाहीत कळत नाही. नंतर त्यांनी माफी मागितली. मॉर्गन केली हा डब्लिनचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक तेव्हा घरांचे भाव कोसळणार असं लिहीत होता, त्याला लोकांनी वेड्यात काढलं. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला बँकांची हमी घ्यावी लागली, नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोची मदतयोजना स्वीकारावी लागली, आणि आमच्या गावातली एकेका घरातली दोन-दोन मुलं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली. रडगाणं गाणारे बरोबर होते. तेव्हापासून या देशाला चांगल्या आकड्यांचा संशय येतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कागदोपत्री मालमत्ता इकडे हलवल्यामुळे २०१५ चा विकासदर २६ टक्के निघाला, तेव्हा कोणी ढोल वाजवले नाहीत. सांख्यिकी खात्याने २०१७ पासून एक वेगळं, कमी भरणारं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला सुरुवात केली. आपण दिसतो तेवढे श्रीमंत नाही हे सांगण्यासाठी! मला त्या खात्याचा अभिमान वाटतो.

मात्र एका बाबतीत मला या सवयीची भीती वाटते. ‘कसं काय?’ विचारलं की उत्तर येतं ‘नॉट टू बॅड’. मुलीला नोकरी लागली तरी तेच, छातीत दुखत असलं तरी तेच. डोंगरावर एकटे राहणारे मेंढपाळ आहेत, साठी-सत्तरीचे. पायाला जखम होऊन पंधरा दिवस झालेले असतात, आत येतात आणि मलम मागतात. कुरकुर करणं म्हणजे ज्याचं जास्त वाईट चाललंय त्याचा अपमान, असं त्यांना शिकवलेलं असतं. मनाच्या दुखण्याचं तर विचारायलाच नको. म्हणून मी एकदा विचारून थांबत नाही. गोळ्यांची पिशवी हातात देताना पुन्हा विचारते, आवाज खाली आणून, मागे रांग नसताना. तेव्हा खरं बाहेर येतं. तुझ्या घरमालकिणीलाही लग्नानंतर दुसऱ्यांदा विचार. घर रिकामं झालं असेल तिचं.

प्रश्न : ताई, आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा इथे केवढा आनंद झाला. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह गावी येऊन गेले. तिकडच्या लोकांनाही त्यांचं एवढं कौतुक होतं का? आणि मग एकाएकी पद का सोडलं? — निवृत्त शिक्षक, मालवण

उत्तर : गुरुजी, खरं सांगायचं तर एवढं नव्हतं. जून २०१७ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी स्थलांतरित डॉक्टरांचा मुलगा, समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारा नेता म्हणून त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. इथे लोकांनी घरभाड्यांचं काय करणार ते विचारलं. मला त्यात मोठेपणा वाटतो. अशोक वराडकरांच्या मुलाला त्यांनी बाकीच्या पंतप्रधानांइतकंच धारेवर धरलं, सूट दिली नाही आणि अडवलंही नाही. करोनात त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवलं आणि आठवड्यातून एक पाळी काम केलं, ते मात्र आमच्याकडे सगळ्यांना मनापासून आवडलं. २० मार्च २०२४ ला, दोन सार्वमतांत सरकार हरल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांनी पायउतार होत असल्याचं सांगितलं. कारणं वैयक्तिक आणि राजकीय, पण मुख्यतः राजकीय, आणि या कामासाठी आपण आता सर्वांत योग्य माणूस नाही, असं ते म्हणाले. पुढच्या निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत.

वराडसारखा आनंद आयरिश माणसं करतात तो बाहेर गेलेल्यांच्या लेकरांसाठी. केनेडींचे पणजोबा १८४८ मध्ये वेक्सफर्डमधल्या डनगन्सटाउनहून अमेरिकेला निघाले. जून १९६३ मध्ये केनेडी तिथे चुलत भावंडांकडे चहाला गेले आणि सगळा देश वेडा झाला. कितीतरी घरांत त्यांचा फोटो पोपच्या फोटोशेजारी लागला. २०११ मध्ये ओबामा मनिगॉल या खेड्यात आले, त्यांच्या आईकडचे पूर्वज तिथले. तिथे महामार्गावर आता त्यांच्या नावाचा पेट्रोलपंप आहे. जो इथेच राहून मोठा होतो त्याला मापाने मोजतात, जो गेला त्याच्या वंशाला मिठी मारतात. इतकी माणसं गेली आणि परतली नाहीत, की एखाद्याचं नातवंड जरी आलं तरी सगळ्यांचंच कोणीतरी आल्यासारखं होतं.

म्हणून वराडच्या भेटीची बातमी इथल्या लोकांना चटकन समजली. आमच्या दुकानात एक बाई टीव्हीवर ती पाहून आल्या होत्या. पंतप्रधान, पक्ष, यातलं त्यांनी काही काढलं नाही. मला म्हणाल्या, ‘तिथल्या बायकांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसेल, नाही का?’ मी म्हटलं, शक्यच नाही. काय वाढलं असेल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माझ्या अंदाजाने सोलकढी आणि घावन सांगितले. गुरुजी, त्या दिवशी खरोखर काय होतं ते गावातून कळलं तर मला जरूर लिहा. त्या बाई अजून दर महिन्याला येतात.